सातव्या रकान्यातलं पुस्तक

१

निरीक्षकसाहेबांनी एकतीस वर्षं लिफ्टा तपासल्या आणि स्वतः वर-खाली जाऊन आल्याशिवाय एकाही दाखल्यावर सही केली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांना लबाड म्हणायला नको. माणूस भलता काटेकोर. लिफ्टच्या बंद दारावर आधी दोनदा टकटक करायचे, मगच दार उघडायचे. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आत कुणी असलं तर? न सांगता घुसणं बरं दिसतं का?"

नोकरीची शेवटची पाच वर्षं आणि निवृत्तीनंतरची दोन, असं सात वर्षं खपून त्यांनी एक कादंबरी लिहिली. नाव 'अकरावा मजला'. नायक अर्थातच लिफ्ट-निरीक्षक. बायकोनं ती दोनदा टाइप केली, कारण पहिल्या खेपेला एक हिशेबनीस चौथ्या प्रकरणात मेला होता आणि नवव्यात चहा पीत बसला होता. आता ही कादंबरी छापून यावी एवढी एकच इच्छा साहेबांच्या पोटात उरली होती. तिच्यापायी त्यांची झोप गेली होती आणि बायकोची त्याहून जास्त.

प्रकाशक थेट कुणाला दारात उभं करत नाहीत. मध्ये एजंट लागतो. तो लेखकाचं पुस्तक घेऊन प्रकाशकांकडे फिरतो. तेरा एजंटांनी साहेबांना नाही म्हटलं होतं. चौदावी एक बाई होती. तिनं छापील अर्ज पाठवला. अर्जात बारा रकाने. सहा रकाने साहेबांनी एका बैठकीत भरले. सहाव्यात, 'स्वतःविषयी', या मथळ्याखाली त्यांनी वजन पडावं म्हणून हेही लिहिलं, की तुमचं ऑफिस ज्या इमारतीत आहे तिथल्या लिफ्टच्या दाखल्यावर नऊ वर्षं माझी सही आहे.

सातव्या रकान्यापाशी गाडी अडली.

'तुमच्या कादंबरीशी मिळतीजुळती दोन पुस्तकं लिहा. गेल्या तीन वर्षांतली हवीत. फार गाजलेली नकोत, अगदीच पडलेलीही नकोत.'

"मी सात वर्षं स्वतःची कादंबरी सोडून दुसरं काही वाचलेलं नाही," साहेब म्हणाले.

"ते ती वाचताना कळतं," बायको म्हणाली.

तिची धाकटी बहीण, म्हणजे साहेबांची मेहुणी, घरात आली की हातात पुस्तक असायचंच. बायकांच्या एका वाचनगटाची ती पुढारी. तिनं भावोजींना समजावलं, "अहो, दुकानदाराला कळायला नको का, कुठल्या फळीवर ठेवायचं ते? शेजारी कोण बसणार हे सांगायचं, बस. एक मी देते. बस डेपोच्या कँटीनवरची ती नवी कादंबरी लिहा. दुसरं तुम्ही शोधा. सगळं मीच करायचं तर पुस्तकावर नावही माझंच घाला."

साहेबांनी दुसरं शोधलं नाही. त्यांनी ते बनवलं.

आयुष्यात पहिल्यांदा ते, म्हणायचं तर, लिफ्टमध्ये पाय न टाकता दाखल्यावर सही करत होते. नाव सुचलं 'जिन्याखालची खोली'. प्रत्येक इमारतीत जिन्याखाली बादल्या-झाडू ठेवायची एक खोली असते, आणि एकतीस वर्षांत त्यांनी तसली एकही खोली उघडून पाहिली नव्हती. ती त्यांच्या खात्यात येत नसे. लेखिकेचं नाव त्यांनी समोरच्या इमारतीच्या पाट्यांवरून उचललं: पहिलं नाव दातांच्या डॉक्टरीणबाईंचं, आडनाव वकिलाचं. साल दोन वर्षांपूर्वीचं टाकलं. आणि एका ओळीचं वर्णन: 'एक बाई रोज जिना धुते आणि पायऱ्या मोजते. एके दिवशी एक पायरी जास्त भरते.'

लिहून झाल्यावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. बरी होती की ओळ. कोण विचारणार होतं?

२

पंधरा दिवसांत उत्तर आलं. एजंटबाईंनी लिहिलं होतं: 'साहेब, सातवा रकाना वाचून खुर्चीतून उठलेच. जिन्याखालची खोली माझं फार लाडकं पुस्तक. त्याच्या जवळपास जाणारं काही असेल तर सगळीच्या सगळी कादंबरी लगेच पाठवा.'

साहेबांनी पत्र तीनदा वाचलं. आधी आनंद झाला, मग आठवलं, की हे पुस्तक तर आपणच बनवलेलं. पण त्यांची अक्कल जागी होती. त्यांनी तिला कामाला लावलं. बाई थापा मारतेय, दुसरं काय? न वाचलेल्या पुस्तकाला लाडकं म्हणायची सभ्य लोकांना सवयच असते. तिला वाटलं असणार, आपल्याला माहीत नाही म्हणजे अब्रू गेली. एक थाप मी मारली, एक तिनं. फिटंफाट.

"कुठलं हो हे पुस्तक?" बायकोनं विचारलं.

"आहे एक."

"तुम्ही वाचलंत?"

"चाळलंय."

"कधी? मी तर तुमच्या हातात सुट्या भागांच्या याद्यांशिवाय काही पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कादंबरी बांधायला घेतली. एवढ्यात मेहुणी आली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "भावोजी, भलतेच आतल्या गाठीचे निघालात. इतकं चांगलं पुस्तक माहीत होतं आणि आम्हाला पत्ता नाही? ताईनं काल फोनवर नाव सांगितलं, आज लायब्ररीतून आणलं. एकशेचाळीस पानं झाली. हातातून सुटत नाही."

साहेबांच्या हातातून सुतळीचा गुंडा सुटला.

"कसलं पुस्तक?" त्यांनी विचारलं. आवाज आपलाच आहे ना, याची त्यांना खात्री वाटेना.

"आता मलाच विचारा. जिनेवाल्या बाईचं."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररीचं दार उघडायच्या आधीच साहेब पायरीवर उभे होते. मेहुणीनं घाई घाई केली असणार, असं त्यांनी रस्ताभर ठरवत आणलं होतं. सारख्या नावाची दोन पुस्तकं असतात. सारख्या नावाची माणसं असतात, मग पुस्तकांनी काय घोडं मारलंय?

ग्रंथपालानं कपाटाकडे बघितलंही नाही. "'जिन्याखालची खोली'? दोन प्रती आहेत काका, दोन्ही बाहेर. सहा जण रांगेत."

"लेखिका कोण?"

ग्रंथपालानं नाव सांगितलं. दातांच्या डॉक्टरीणबाई आणि वकील.

"कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"दोन वर्षं झाली असतील. अहो, त्याला कुणी हात लावत नव्हतं. अलीकडेच काय झालंय कोण जाणे." तेवढ्यात परतीच्या खिडकीतून एक पुस्तक धप्पकन आत पडलं. ग्रंथपालानं ते उचललं आणि तोंड वाकडं केलं. "ही बघा आली एक. पण काका, लोकांना काही अक्कल? पुस्तकाला पार आंघोळ घातलीय."

पुस्तक फुगलं होतं. पानांच्या कडा ओल्या होत्या. वास फिनेलचा होता. मागच्या चिठ्ठीवर शिक्के होते, आणि पहिला शिक्का खरोखरच दोन वर्षांपूर्वीचा.

"ओलं आहे म्हणून रांगेतलं कुणी घेणार नाही. तुम्ही नेताय?" ग्रंथपाल म्हणाला.

साहेबांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. घरी पोचेपर्यंत वर्तमानपत्रालाही वास लागला होता.

४

वाईट गोष्ट ही, की पुस्तक चांगलं होतं.

साहेब तासभर त्याच दुःखात होते. आपण बनवलेलं पुस्तक जगात निघालं, याची भीती नंतर. आधी हे, की ते आपल्या पुस्तकापेक्षा सरस निघालं. त्यांचा नायक अकराव्या मजल्यावर पोचायला दोनशे पानं घ्यायचा. ही बाई पहिल्या पानावर बादली खाली ठेवायची आणि वाचणारा गप्प व्हायचा.

बाई रोज एका इमारतीचा जिना धुते. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत ऐंशी पायऱ्या. ब्रशचा आवाज, बादलीच्या कडीचा आवाज. रोज ऐंशी. आणि बाविसाव्या पानावर, मंगळवारी, एक्क्याऐंशी.

मग त्यात एक लिफ्टवाला येतो. वर्षातून एकदा. जिन्याकडे तो कधी बघत नाही. दारावर दोनदा टकटक करतो, मगच आत शिरतो. बाई मनात म्हणते, या माणसाला रिकाम्या लिफ्टची एवढी लाज, आणि मी इथे गुडघ्यांवर बसलेय ते दिसत नाही.

साहेबांनी पुस्तक मिटलं. त्यांची अक्कल म्हणाली, अरे, सगळेच निरीक्षक टकटक करत असतील. साहेब म्हणाले, नाही करत. अक्कल म्हणाली, मग कुणीतरी खरीखुरी सफाईवाली असेल, तुला बघत असेल, तिनं लिहिलं, तू ते नाव कुठेतरी ओझरतं वाचलंस आणि विसरलास. हे पटण्यासारखं होतं. साहेब त्यावर पाणी प्यायले आणि पुढे वाचू लागले.

एकशेनव्वदाव्या पानावर बाई जिन्याखालच्या खोलीत उलट्या बादलीवर कागद ठेवून एजंटला अर्ज लिहिते. तिनंही कादंबरी लिहिलीय. सातवा रकाना येतो. मिळतीजुळती दोन पुस्तकं. एक तिला वकिलाच्या कचऱ्यात सापडलेलं असतं. दुसरं सुचत नाही, म्हणून ती ते बनवते. लेखकाचं नाव लिफ्टमधल्या दाखल्यावरच्या सहीवरून घेते. पुस्तकाचं नाव ठेवते 'अकरावा मजला'. आणि खाली एक ओळ: 'एक माणूस जन्मभर वर-खाली जातो आणि कुठेच पोचत नाही.'

'कोण विचारणार आहे?' बाई म्हणते.

साहेबांना आधी राग आला. त्यांनी स्वतः याच कादंबरीचा गोषवारा सहा पानांत लिहिला होता, आणि तो इतका नेमका नव्हता. राग ओसरल्यावर मात्र मानेपासून खाली पाठीवर गार पाणी उतरल्यासारखं झालं.

शेवटची पानं भिजून एकमेकांना चिकटली होती. ती सुटतात का हे चार दिवस बघून मग त्यांनी मेहुणीला फोन लावला.

"शेवटी काय होतं गं त्यात?"

"भावोजी, तुम्ही वाचलंय ना?"

"विसरलो."

"अहो, तिला खोटं लिहिल्याची टोचणी लागते. पेन घेऊन बसते, ती ओळ खोडायची की ठेवायची. तिथेच संपतं. आमच्या गटात नुसती जुंपलीय त्यावरून. निम्म्या म्हणतात खोडते, निम्म्या म्हणतात ठेवते."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी? मी म्हणते खोडते. खोटं ते खोटं." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बिचारा तो लिफ्टवाला."

५

कादंबरी पाठवून दहा दिवस झाले आणि एजंटबाईंनी भेटायला बोलावलं, दुपारी बारा वाजता. साहेबांनी मनाशी पक्कं केलं होतं: जायचं, कबूल करायचं, की बाई, ते पुस्तक मी बनवलं होतं, आणि त्यांच्यासमोर ती ओळ खोडायची. मग पुढे काय व्हायचं ते होवो. एकतीस वर्षांत एक खोटी सही झाली, ती पुसली की माणूस मोकळा.

इमारतीत लिफ्टच्या दारावर पाटी होती: 'वार्षिक तपासणी चालू. जिन्याने जावे.'

साहेबांनी या पाटीचा मजकूर स्वतः ठरवला होता, फार वर्षांपूर्वी. आज तो त्यांना उद्धट वाटला.

त्यांनी हिशेब केला. ही इमारत त्यांना तोंडपाठ होती. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टचा प्रवास तेरा मीटर वीस सेंटीमीटर. पायरी साडेसोळा सेंटीमीटरची. म्हणजे ऐंशी. पुस्तकात ऐंशी होत्या खऱ्या, पण तेवढ्या उंचीच्या कुठल्याही इमारतीत ऐंशीच असणार, त्यात काय? जिना दुपारच्या उजेडात स्वच्छ, नुकताच धुतलेला, कठड्याला लालसर रंग, कुठेतरी वर टाइपरायटरसारखं काही वाजत होतं. घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. साहेब मोजत निघाले. वीस. चाळीस. एकोणसाठ. साठ. श्वास लागला म्हणून क्षणभर थांबले, आकडा बोटावर धरून ठेवला. खालून आवाज आला, खर्र, खर्र. ब्रश. ते थांबले तसा आवाजही थांबला.

ऐंशी म्हणून त्यांनी पाय ठेवला, तेव्हा समोर आणखी एक पायरी होती.

ती बाकीच्यांसारखीच होती. फक्त ओली होती.

साहेब तिच्यावर पाय न ठेवता ती ओलांडून गेले, बासष्टाव्या वर्षी, कठड्याला धरून, आणि थेट एजंटबाईंच्या दारावर दोनदा टकटक केली.

६

एजंटबाई चष्मा कपाळावर चढवलेल्या, टेबलभर कागद पसरलेल्या, गोड बोलणाऱ्या निघाल्या. साहेबांनी बसता बसताच सुरुवात केली. "बाई, मला एक कबूल करायचंय. सातव्या रकान्यातलं ते पुस्तक..."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "किती शोधलं मी तुम्हाला."

"मला?"

"त्या बाईंच्या अर्जात तुमचं पुस्तक होतं. 'अकरावा मजला'. मी दुकानं पालथी घातली, लायब्रऱ्या घातल्या. कुठे नाही."

"कधी आला होता तो अर्ज?"

"झाली की तीन वर्षं."

"तीन वर्षांपूर्वी माझी कादंबरी पुरी झाली नव्हती. नावही ठरलं नव्हतं."

"म्हणून तर वाट पाहत बसले," एजंटबाई म्हणाल्या आणि हसल्या.

साहेबांना हसायला जमलं नाही. "त्या बाई भेटल्या का तुम्हाला?"

"छे. कागद दाराखालून सरकवतात. नेहमी ओले असतात." त्यांनी साहेबांचा अर्ज काढून समोर ठेवला. "कादंबरी मी घेतलीय, साहेब. प्रकाशकही तयार आहे. कादंबरी थोडी लांबलीय म्हणतो, पण तयार आहे. फक्त हा अर्ज एकदा नजरेखालून घाला. सातव्यातली ओळ पुस्तकाच्या पाठीवर छापायची म्हणतोय तो. 'जिन्याखालची खोली आवडलेल्या वाचकांसाठी.' काही खोडायचं असेल तर आत्ताच खोडा."

तेरा नकारांनंतर आलेला होकार टेबलावर होता. तरीही साहेबांनी पेन उघडलं. काटेकोर माणूस, मी सांगितलंच होतं. त्यांनी निब ओळीच्या सुरुवातीला टेकवली आणि 'जि' वरून एक बारीक रेघ ओढली.

खाली ब्रश थांबला. चार मजले खाली थांबलेला आवाज खरं तर कळू नये. कळला.

खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अहो, ऐकलंत का. मघापासून डोकं खातेय. ही टेबलावर एवढी मोठी चळत कसली आहे?"

"चळत? अगं, माझ्या कादंबरीची घरची प्रत."

"कादंबरी का? हो हो. नाव काय होतं हो तिचं?"

"तू दोनदा टाइप केलीस."

"तेच म्हणतेय. वरचं पान कोरं आहे. आतली पण... थांबा, चष्मा घेते. कोरीच दिसतायत."

साहेबांनी पेन उचललं. टेबलावरच्या रबरानं शाई जात नाही, हे ठाऊक असून त्यांनी ती रेघ घासली, मग थुंकी लावून घासली, मग वर नव्यानं, ठळक, गोल अक्षरात 'जि' काढला. एजंटबाई चष्मा खाली ओढून बघत राहिल्या.

"अहो, 'अकरावा मजला'," फोनमध्ये बायको म्हणाली. "बघा, जिभेवर होतं. हा चष्मा बदलायला हवा. येताना चष्मेवाल्याकडे विचारून या."

"मला काही खोडायचं नाही," साहेब एजंटबाईंना म्हणाले.

७

बाहेर आले तर लिफ्टची पाटी उतरवलेली होती. दार उघडं, आत दिवा लावलेला. साहेब तिच्याकडे बघत उभे राहिले. मग वळून जिन्यानं उतरले. ओली पायरी लागली तेव्हा ती त्यांनी ओलांडली नाही. जपून, पूर्ण पाऊल ठेवून, तिच्यावरूनच उतरले. एक्क्याऐंशी भरल्या.

तळाला जिन्याच्या पोटात ते दार होतं. नऊ वर्षं ते त्याच्या पाच पावलांवरून गेले होते. दार बोटभर उघडं होतं. फटीतून बल्बचा पिवळा उजेड, उलटी ठेवलेली बादली, तिच्यावर कागद. कागदावर एक हात, भिजून सुरकुतलेला, आणि हातात पेन. पेनची निब एका ओळीच्या सुरुवातीला टेकलेली होती. हलत नव्हती.

साहेबांची अक्कल म्हणाली, तिचा अर्ज तीन वर्षांपूर्वीच गेलाय, मग आज ती काय खोडणार? युक्तिवाद बिनतोड होता. साहेबांनी तो मोठ्यानं मांडायचं धाडस केलं नाही.

त्यांनी दारावर दोनदा टकटक केली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मी तुमची ओळ ठेवलीय."

आत थेंब पडल्याचा आवाज.

"नऊ वर्षं इथून गेलो. बघायला हवं होतं. चुकलंच."

मग पेन बादलीच्या बुडावर ठेवल्यासारखा टक् आवाज झाला. ठेवलं की पडलं, की आधी रेघ ओढली आणि मग ठेवलं, हे फटीतून दिसलं नाही. दार आतून लोटलं गेलं.

घरापर्यंतच्या रस्त्यात साहेबांनी ओळखीच्या एकाही माणसाला हाक मारली नाही. उगाच कुणी 'आपण कोण?' म्हणालं असतं तर. चष्मेवाल्याच्या दुकानावरूनही मान खाली घालून गेले. स्वतःच्या दारासमोर उभे राहिले, बेलवर बोट ठेवलं, आणि ते दाबायला त्यांना जितका वेळ लागला तितका अकराव्या मजल्यावरच्या बंद लिफ्टमध्येही कधी लागला नव्हता.

बायकोनं दार उघडलं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग तिची नजर खाली गेली.

"बूट बाहेर काढा आधी," ती म्हणाली. "ओल्या बुटांनी कुठे निघालात आत? आत्ताच पुसून घेतलंय."

साहेब वाकून बूट काढू लागले. नाडीची गाठ भिजून घट्ट बसली होती, ती सुटायला वेळ लागला. घरातून फिनेलचा वास येत होता.

"कुणाकडून पुसून घेतलंस?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नवीन बाई लावलीय," बायको म्हणाली. "तुम्हाला ओळखते म्हणाली."